लोखंडाच्या पोटातले तलाव: लोहाधारित अतिसंवाहक आणि पुंज दोलनांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात चरईत राहते आणि नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षे परदेशातल्या चुंबक-प्रयोगशाळांमध्ये रात्र रात्र जागून लोहाधारित अतिसंवाहकांची (सुपरकंडक्टरांची) पुंज, म्हणजे क्वांटम, दोलने मोजली. हे कुणालाही सांगितले की पुढचा अर्धा तास प्रश्नांत जातो. ठाणे-वाशी गाडीतल्या मैत्रिणी, गणपतीला आलेले पाहुणे, तिसऱ्या वर्षाची मुले, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. ‘फ्रीक्वेन्सी’ला आपण वारंवारता म्हणतो आणि इथे सगळी गोष्ट वारंवारतेचीच आहे, तेव्हा मथळ्यातला ‘वारंवार’ अगदी जागच्या जागी बसला.

लोखंड आणि अतिसंवाहक? लोखंड तर चुंबकत्वाचे माहेरघर.

म्हणूनच ते इतकी वर्षे दारातच उभे होते. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोड्या जुळवून विनाअडथळा वाहतात. जोडीतल्या दोघांची फिरकी (स्पिन) बहुधा विरुद्ध असते. शेजारी चुंबकी अणू आला की तो दोघांनाही एकाच दिशेला वळवायला बघतो आणि जोडी फुटते. त्यामुळे नवे अतिसंवाहक शोधणारे लोखंड हाताळतच नसत.

तेव्हाच्या टोकियो तंत्रज्ञान संस्थेतले हिदेओ होसोनो यांची ओळख पारदर्शक ऑक्साइड अर्धसंवाहकांमुळे झालेली. त्यांच्या गटाला २००६ मध्ये लॅन्थनम, लोह, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचे एक संयुग साधारण ४ केल्विनला (उणे २६९ अंश सेल्सिअसला) अतिसंवाहक होताना दिसले. फारशी दखल कुणी घेतली नाही. २००८ मध्ये त्यांनी फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक आणि थोड्या ऑक्सिजनच्या जागी फ्लोरीन घातले, तर तापमान २६ केल्विनवर गेले. मग धावपळ सुरू झाली. त्याच वर्षी लॅन्थनम काढून समेरियम घातल्यावर आकडा ५५ केल्विनच्या आसपास पोचला.

या कुटुंबातल्या सगळ्यांची ठेवण एकच. लोखंडाच्या अणूंची चौकोनी जाळी असलेला पापुद्रा, त्याच्या वर-खाली आर्सेनिक, फॉस्फरस किंवा सेलेनियम, आणि दोन पापुद्र्यांमध्ये बाकीच्या अणूंचे सारण. लोह-सेलेनाइडात तर सारणही नाही, नुसते पापुद्रेच.

आर्सेनिक म्हणजे सोमल ना? तुम्ही ते हाताने धरता?

शेजारच्या काकूंचा हा पहिला प्रश्न होता आणि तो रास्त आहे. सोमल हे आर्सेनिकचे ऑक्साइड. आम्ही आर्सेनिक वापरतो ते हवाबंद पेटीत, हातमोजे घालून, आणि तापवतो ते क्वार्ट्झच्या सीलबंद नळीत. नळी भट्टीत फुटली तर तो दिवस वाईट जातो. स्फटिक एकदा तयार झाला की आर्सेनिक लोखंडाला घट्ट बांधलेले असते, तरी चिमट्याने धरायचे आणि नंतर हात धुवायचे.

‘इलेक्ट्रॉनिक रचना’ मोजता म्हणजे नेमके काय मोजता?

इथे मी ठाणेकरांना तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, नेते.

धातूत इलेक्ट्रॉन असंख्य. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत, म्हणून खोलगट जागेत पाणी भरावे तसे ते कमी ऊर्जेपासून वर वर भरत जातात. पाणी जिथे थांबते तो काठ म्हणजे फर्मी पृष्ठभाग. वीज वाहणे, उष्णता वाहणे, चुंबकत्व, अतिसंवाहकता, जे काही घडते ते या काठावर घडते. तळाच्या इलेक्ट्रॉनांना हलायला जागाच नसते. तेव्हा एखाद्या धातूची इलेक्ट्रॉनिक रचना मोजली असे आम्ही म्हणतो तेव्हा मुख्यतः या काठाचा आकार आणि काठावरच्या इलेक्ट्रॉनांचा वेग मोजलेला असतो.

हा तलाव स्फटिकात कुठे दाखवता येत नाही. त्याचा नकाशा संवेगाचा असतो. कुठला इलेक्ट्रॉन कुठे आहे हे त्यात नसते, तो कुठल्या दिशेने आणि किती संवेगाने निघाला आहे हे असते. हे पचायला वेळ लागतो. मला दोन सत्रे लागली होती.

तांब्यात असा एकच मोठा तलाव असतो. लोहाधारित अतिसंवाहकात ठाण्यासारखे पुष्कळ छोटे तलाव असतात. लोखंडाच्या पाचही डी-कक्षा काठाच्या ऊर्जेजवळ गर्दी करतात, म्हणून चार-पाच पट्टे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा-अवस्थांच्या मालिका, काठाला छेदतात. त्यातले काही खरोखरचे तलाव, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे कप्पे, नकाशाच्या कोपऱ्यांत असतात. काही मात्र उलटे, भरलेल्या पाण्यातल्या कोरड्या बेटांसारखे. मासुंद्यातल्या बेटासारखे म्हणा. ही बेटे म्हणजे विवरांचे (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागांचे) कप्पे, आणि ती नकाशाच्या मध्यावर असतात. तिसऱ्या मितीत हे सगळे उभ्या नळकांड्यांसारखे दिसतात, कारण पापुद्र्याला आडवे जाणे इलेक्ट्रॉनांना जड जाते.

मग पुंज दोलने कुठून आली?

समजा रात्री वीज गेली आहे, तलाव दिसत नाही, आणि क्षेत्रफळ तर हवे आहे. काठाकाठाने एक फेरी मारता येते. चुंबकी क्षेत्र इलेक्ट्रॉनला नेमके हेच करायला लावते. क्षेत्रात इलेक्ट्रॉन वळतो आणि आपल्या संवेग-नकाशात काठाकाठाने फिरत राहतो. पुंज यांत्रिकीनुसार त्याची फेरी कितीही मोठी असून चालत नाही. फेरीने वेढलेले क्षेत्रफळ ठराविक मापांतच येते, आणि ही मापे चुंबकी क्षेत्र वाढवले की मोठी होत जातात. वाढणारे एकेक माप काठाला पोचून बाहेर पडते तेव्हा धातूचा प्रत्येक गुणधर्म किंचित हेलकावतो. चुंबकन (पदार्थ किती चुंबकला ते), रोध, ध्वनीचा वेग, सगळेच. तो हेलकावा म्हणजे पुंज दोलन.

१९३० मध्ये लायडनला द हास आणि व्हान आल्फेन यांनी बिस्मथच्या चुंबकनात हे पाहिले. तिथेच, त्याच वर्षी, लेव्ह शुब्निकोव्ह यांनी द हास यांच्याबरोबर बिस्मथच्या रोधात पाहिले. गंमत अशी की लांडाऊ यांनीही त्याच वर्षी कागदावर दोलने काढली होती, पण ती प्रत्यक्षात दिसणार नाहीत असे त्यांना वाटत होते. शुब्निकोव्ह पुढे सोव्हिएत देशात परतले आणि १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने त्यांना गोळ्या घातल्या. त्यांचे नाव मी वर्गात घाईने घेत नाही.

वारंवारता सेकंदाला इतकी अशी सांगतात. तुम्ही ती टेस्लात, म्हणजे चुंबकी क्षेत्राच्या एककात, सांगता, ही काय भानगड?

तिसऱ्या वर्षाचा सगळ्यात चांगला प्रश्न. आमची दोलने काळात होत नाहीत. क्षेत्र वाढवत नेले की ती दिसतात, आणि तीही क्षेत्राच्या व्यस्तात सारख्या अंतराने. म्हणजे आडव्या अक्षावर क्षेत्र न घेता ‘एक भागिले क्षेत्र’ घ्यायचे. मग शिखरे शिस्तीत उभी राहतात, आणि वारंवारतेचे एकक आपोआप टेस्ला होते.

१९५२ मध्ये लार्स ऑन्सागर यांनी दाखवले की ही वारंवारता आणि काठाने वेढलेले क्षेत्रफळ थेट प्रमाणात असतात. मधला स्थिरांक फक्त प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा भार यांचा बनलेला. पदार्थ कुठला, हे त्याला विचारावे लागत नाही. या विषयातली मला सगळ्यात देखणी वाटणारी गोष्ट हीच.

आकडे घालून बघू. १००० टेस्ला वारंवारता म्हणजे, कप्पा गोल धरला तर, त्याची त्रिज्या दर अँगस्ट्रॉमला (नॅनोमीटरच्या दहाव्या भागाला) ०.१७ च्या आसपास. ४ अँगस्ट्रॉम बाजूची चौकोनी जाळी असेल तर हा कप्पा पूर्ण नकाशाच्या साधारण ४ टक्के भरतो. क्षेत्र २० वरून ३० टेस्लावर नेले तर अशी जवळजवळ १७ दोलने मिळतात. तांब्याच्या तलावाचा सगळ्यात फुगीर भाग, त्याचे ‘पोट’, याची वारंवारता ५८,००० टेस्लाच्या आसपास आहे. लोहाधारित पदार्थांची शेकड्यांत किंवा काही हजारांत. तलाव किती छोटे आहेत ते यावरून कळावे.

कप्पे चार-पाच, मग दोलने एकमेकांत मिसळत नाहीत का?

मिसळतात. फूरिए रूपांतराने, म्हणजे मिसळलेल्या लहरी वारंवारतेनुसार सुट्या करणाऱ्या गणिताने, वेगळी करतो. एखादे नळकांडे मध्ये फुगलेले आणि टोकाला निमुळते असेल तर त्याच्या पोटाची आणि मानेची अशा दोन जवळजवळच्या वारंवारता येतात. दोन तानपुरे किंचित बेसूर लागले की ‘वँव वँव’ ऐकू येते ना, तसाच आलेख फुगतो आणि ओसरतो. त्या फुगण्यावरून नळकांडे किती वाकडे आहे ते मोजता येते.

नमुना क्षेत्रात थोडा थोडा तिरका करत जायचे हा दुसरा उपाय. सरळ नळकांडे तिरके कापले की काप मोठा होतो, म्हणून वारंवारता कोनाच्या कोसाइनच्या व्यस्तात वाढते. नळकांडे नसून गोळा असेल तर ती तशी वाढत नाही. एकेका कोनाला एक झाडणी (क्षेत्र खालून वर नेण्याची एक खेप), आणि चुंबक तुमच्या नावावर फक्त पाच रात्री.

रात्रीच का?

विजेमुळे. ३० टेस्लाच्या पुढचे स्थिर क्षेत्र देणारा तांब्याच्या चकत्यांचा चुंबक २० मेगावॅटच्या घरात वीज खातो, आणि ती सगळी उष्णता वाहत्या पाण्याने काढून न्यावी लागते. दिवसा गावाला वीज हवी असते, रात्री ती स्वस्त मिळते. तुमच्या-आमच्या माहितीतला एमआरआय १.५ किंवा ३ टेस्लाचा असतो. फ्लोरिडातल्या टॅलाहासीचा संकरित चुंबक ४५ टेस्ला देतो, नेदरलँड्समधल्या नाइमेखेनचे ३५ च्या पुढे जातात. याहून जास्त हवे असेल तर स्पंदित क्षेत्र. धारित्रांत (कपॅसिटरांत) साठवलेली वीज एका दणक्यात वेटोळ्यात सोडायची, काही मिलिसेकंदांत खेळ संपतो. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसने २०१२ मध्ये वेटोळे न फुटता १०० टेस्ला ओलांडले. स्पंदनाच्या मोजमापात इतके थोडे क्षण हाती असतात की डोळा मिटायलाही भीती वाटते. अर्थात डोळ्याला दिसण्यासारखे त्यात काही नसतेच.

थंडी किती लागते?

पुष्कळ. उष्णतेने काठ धूसर होतो आणि दोलने पुसली जातात. किती पुसली जातात ते लिफ्शित्झ आणि कोसेविच यांचे सूत्र सांगते. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान मुक्त इलेक्ट्रॉनच्या चौपट असेल तर १० टेस्ला आणि १ केल्विनला दोलनाची उंची मूळच्या जेमतेम ३ टक्के उरते. ०.३ केल्विनला ती ६० टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणून द्रव हेलियम-३, नाहीतर हेलियमच्या दोन प्रकारांच्या मिश्रणावर चालणारे मिश्रण-शीतकपाट. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला असतो. तो इथे बाहेरच्या भांड्याला गार ठेवण्याच्या कामाचा.

पण अतिसंवाहक अवस्थेत तर तो काठच नाहीसा होतो ना?

बरोबर पकडलेत. जोड्या जुळल्या की काठाजवळ ऊर्जेची फट पडते. म्हणून क्षेत्र इतके वाढवायचे की अतिसंवाहकता मोडते, आणि मग मागे उरलेला साधा धातू तपासायचा. सर्वोत्तम लोह-आर्सेनाइडांना मोडायला ५० टेस्ला किंवा जास्त लागते, तर लॅन्थनम-लोह-फॉस्फाइड-ऑक्साइड एक टेस्लाच्या आसपासच हार मानते. म्हणून २००८ मध्ये, या सगळ्या गडबडीच्या पहिल्याच वर्षी, दोलने आधी फॉस्फाइडमध्ये सापडली, आर्सेनाइडच्या गाजलेल्या नमुन्यांत नाही. आधी सोपा पेपर सोडवायचा, ही परीक्षेची जुनी युक्ती.

काही पदार्थांत जोड्या पुरत्या मोडण्याआधीही, भोवऱ्यांच्या अवस्थेत (क्षेत्र भोवऱ्या-भोवऱ्यांनी आत शिरलेले असते तेव्हा), दोलने मंद दिसतात. १९७६ मध्ये नायोबियम-डायसेलेनाइडमध्ये ती प्रथम दिसली होती.

नमुना इतका शुद्ध का लागतो?

कारण फेरी पूर्ण व्हायला हवी. १००० टेस्लाच्या कप्प्यातला इलेक्ट्रॉन ३० टेस्लाच्या क्षेत्रात प्रत्यक्ष जागेत साधारण ४० नॅनोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढतो, १० टेस्लात ११० च्या पुढे. अणूंची जाळी ०.४ नॅनोमीटरची. म्हणजे एका फेरीत त्याला शेकडो घरे ओलांडायची आहेत, आणि वाटेत एखाद्या भलत्या अणूवर आपटला तर फेरी बाद. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी साडेसहाला सरळ रेषेत चालून दाखवण्यासारखे आहे हे.

गंमत अशी की अतिसंवाहकता वाढवायला पदार्थात परके अणू घालावे लागतात, आणि तेच परके अणू दोलने मारतात. बेरियम-लोह-आर्सेनाइडात लोखंडाच्या जागी कोबाल्ट घातला तर तो थेट लोखंडाच्या पापुद्र्यातच बसतो, दोलने विरून जातात. आर्सेनिकच्या जागी फॉस्फरस घातला तर गोंधळ पापुद्र्याच्या बाहेर राहतो आणि भारही बदलत नाही, कारण दोघे आवर्तसारणीत एकाच उभ्या रांगेत खाली-वर आहेत. या एका योगायोगावर आमच्या विषयाचे निम्मे निबंध उभे आहेत.

स्फटिक सहसा दशांश मिलिमीटरचा, मिठाच्या कणाएवढा. सिलिकॉनच्या एका इवल्या फळीच्या टोकाला ग्रीसच्या ठिपक्याने चिकटवायचा. क्षेत्रात त्याला पीळ बसतो, फळी वाकते, तिचा रोध बदलतो. उचलायला मी पापणीचा केस काडीला चिकटवून वापरायचे. एकदा दुसऱ्या रात्री दोन वाजता, सहा महिने वाट पाहून मिळवलेला स्फटिक त्या केसावरून निसटला. चौघे जण टॉर्च घेऊन जमिनीवर ओणवे झालो. सापडला नाही. उरलेल्या तीन रात्री दुय्यम नमुन्यावर काढल्या, आणि त्या नमुन्यात फक्त एकच कप्पा दिसला.

फोटो काढून काठ दिसत नाही का? आर्पेस म्हणतात ते?

दिसतो. पृष्ठभागावर प्रकाश टाकून बाहेर उडालेल्या इलेक्ट्रॉनांची दिशा आणि ऊर्जा मोजली की नकाशा थेट मिळतो. कुठला तलाव कुठे आहे, तलाव आहे की बेट, सगळे. पुंज दोलनांना हे मुळीच कळत नाही. आमच्याकडे क्षेत्रफळांची यादी असते, पत्ते नसतात. मासुंदा, उपवन आणि कचराळी यांची क्षेत्रफळे चौरस मीटरमध्ये अचूक सांगायची, पण कुठला नौपाड्याजवळ आणि कुठला येऊरच्या पायथ्याशी ते ठाऊक नाही, असा प्रकार.

मग आमचा उपयोग काय? आर्पेस वरचे काही थर बघते, आणि पृष्ठभाग कधी कधी आतल्यापेक्षा वेगळा वागतो. दोलने सगळ्या स्फटिकाच्या पोटातून येतात. आणि क्षेत्रफळ शेकडा एक-दोनच्या अचूकतेने मिळते. मी दोन्ही पद्धतीच्या लोकांबरोबर काम केले आहे. दोघेही आपलीच पद्धत खरी मानतात. एकाच पदार्थावर दोन्ही जुळली की मी विश्वास ठेवते.

बरे, मग सापडले काय?

पहिली गोष्ट, दोलने सापडली हीच. तांब्याची ऑक्साइडे हा अतिसंवाहकांचा आधीचा गाजलेला गट. त्यांचे मूळ, परके अणू न घातलेले संयुग विद्युतरोधक असते, इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकलेले. लोहाधारितांचे मूळ संयुग धातू आहे आणि त्यात काठ आहे.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती ठाणेकरांना समजावायला सोपी आहे. आपल्याकडे एकेकाळी आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त तलाव होते. काही बुजले, काही आक्रसले. जुन्या नकाशातला तलाव आणि जागेवर जाऊन मोजलेला तलाव यांत फरक पडतो. लोहाधारितांचे असेच. संगणकाने काढलेला काठ आणि मोजलेला काठ यांचे आकार जुळतात, कप्पे तितकेच निघतात, पण मोजलेले कप्पे छोटे निघतात. तलावही छोटे आणि बेटेही छोटी. लॅन्थनमच्या फॉस्फाइडात हिशेब जुळवायला इलेक्ट्रॉनांचे पट्टे थोडे वर आणि विवरांचे पट्टे थोडे खाली सरकवावे लागले. सरकवणे शंभर मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जेचे छोटे एकक) आत, पण नेहमी त्याच दिशेने.

नेहमी त्याच दिशेने म्हणजे मापनाची चूक नाही. दोन्ही एकदम आक्रसले तर एकूण हिशेब मोडत नाही, कारण मूळ संयुगात जितके इलेक्ट्रॉन तितकीच विवरे असतात. कारण काय, यावर २००९ पासून मांडला जाणारा विचार असा की तलाव आणि बेटे एकमेकांशी जोराने बोलतात. मध्यावरच्या बेटातून कोपऱ्यातल्या तलावात इलेक्ट्रॉनांची ये-जा घडवणारे चुंबकी चढउतार दोन्ही काठांना मागे ढकलतात. नेमकी हीच ये-जा इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवते, असे या क्षेत्रातल्या बहुतेकांना वाटते. म्हणजे साध्या धातूचा काठ मोजताना आम्ही जोड्या जुळवणाऱ्या मध्यस्थाच्या पावलांचे ठसे मोजतो.

‘इलेक्ट्रॉन जड होतो’ म्हणजे त्याचे वजन वाढते?

नाही. तो आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनांना खेचत चालतो, म्हणून सुस्त होतो. गर्दीच्या फलाटावर आपलेही तेच होते, घरी काट्यावर आकडा तोच असतो. तापमान वाढवत गेले की दोलन किती लवकर मरते, त्यावरून हे वस्तुमान काढतात.

लॅन्थनमच्या फॉस्फाइडात ते मुक्त इलेक्ट्रॉनच्या दुपटीच्या आसपास आहे. पोटॅशियम-लोह-आर्सेनाइडात सहापट आणि त्याहून जड इलेक्ट्रॉन सापडले. पण खरी मजा बेरियमच्या संयुगात. सगळे आर्सेनिक काढून नुसते फॉस्फरस ठेवले तर तो एक शांत धातू, अतिसंवाहक नसलेला. आता फॉस्फरस कमी करत या. २०१० मध्ये दिसले की कप्पे आक्रसत जातात आणि इलेक्ट्रॉन जड होत जातात. फॉस्फरस ३० टक्क्यांवर येतो तिथे अतिसंवाहकतेचे तापमान सर्वात जास्त, ३० केल्विनच्या आसपास. त्याच्याही खाली गेलात तर चुंबकी क्रम उभा राहतो आणि काठ पार मोडून त्याचे तुकडे होतात. म्हणजे चुंबकत्व जिथे जन्माला येण्याच्या बेतात असते तिथेच इलेक्ट्रॉन सर्वात जड आणि अतिसंवाहकता सर्वात भक्कम. २०१२ मध्ये चुंबकी भेदन-खोलीच्या (क्षेत्र अतिसंवाहकात किती आत शिरते त्याच्या) अगदी वेगळ्या मोजमापानेही त्याच ३० टक्क्यांवर टोक दाखवले, तेव्हा मी रात्री घरी फोन करून सांगितले होते. आईने विचारले, जेवलीस का.

लोह-सेलेनाइडाबद्दल इतके वाद का?

कारण त्याचे तलाव डबकी आहेत. ९० केल्विनच्या आसपास त्याची चौकोनी जाळी आयताकडे झुकते, चुंबकी क्रम न येताच. खाली ८-९ केल्विनला तो अतिसंवाहक होतो. २०१४ पासून दोलने दिसली, आणि सगळ्या वारंवारता ७०० टेस्लाच्या आत. सगळ्यात छोटी ६० च्या आसपास. आता हिशेब करा. २० ते ३० टेस्लात ६० टेस्लाचे दोलन किती वेळा होईल? एकदा. एका हेलकाव्यावरून त्याला दोलन म्हणायचे की पार्श्वभूमीचा उतार, यावर सभ्य माणसे आवाज चढवतात. गणिताने काढलेले कप्पे याच्या कितीतरी पट मोठे आहेत. बेट कुठले आणि तलाव कुठला, यावरही मते वेगळी आहेत. माझे मत विचाराल तर छोट्या वारंवारतांवर फार इमले रचू नयेत.

याने अतिसंवाहकतेचे कोडे सुटले?

नाही. काठ कसा आहे ते कळते, जोडी कशी आहे ते नाही. तलावांवर जोडीच्या तरंगाचे चिन्ह अधिक आणि बेटांवर उणे, हा प्रस्ताव २००८ पासून आहे आणि त्याला बराच आधारही मिळाला आहे, पण तो आधार दुसऱ्या मोजमापांचा.

याचा लोकलला काही उपयोग?

आज नाही.

हे काम इथे करता येते का?

अर्धे येते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिशीत तापमानाची जुनी, चांगली सोय आहे. इंदूरच्या यूजीसी-डीएई केंद्रातही ताकदीचे चुंबक आहेत. स्फटिक वाढवणे, रोध आणि चुंबकन तपासणे, १४-१५ टेस्लापर्यंत दोलने शोधणे इथे शक्य आहे. पोटॅशियमचे आर्सेनाइड त्यात बसते. ३० टेस्लाच्या पुढे जायचे तर परदेशी प्रयोगशाळेकडे प्रस्ताव पाठवायचा. चुंबकाच्या वेळेचे पैसे घेत नाहीत. प्रस्ताव पसंत पडला पाहिजे, आणि विमानाचे तिकीट कोण काढणार हा प्रश्न उरतो.

मॅडम, घरी बसून काही करता येईल?

हो. वहीत करा. एका नमुन्याच्या पीळ-आलेखाची लागोपाठची शिखरे २०.००, २०.८३ आणि २१.७४ टेस्लाला आहेत. वारंवारता किती आणि जाळीची बाजू ४ अँगस्ट्रॉम असेल तर कप्पा नकाशाच्या किती टक्के?

उत्तर ५०० टेस्लाच्या आसपास आणि साधारण २ टक्के. १ च्या आसपास काही आले असेल तर क्षेत्र उलटे करायला विसरलात.